वाचक विचारतात : न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याची खतावणी

जुन्या हिशेबवह्यांविषयी मागे एकदा लिहिताना मी ओघात रॉबर्ट टाउनसेंड या अमेरिकन व्यापाऱ्याचं नाव घेतलं होतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यातल्या न्यूयॉर्कमध्ये दिवसभर दुकान सांभाळायचं आणि गुपचूप अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करायची, असा हा गृहस्थ. त्या एका वाक्यावर आलेली पत्रं पाहून या वेळचं सदर त्यालाच द्यावं असं ठरवलं. सारख्याच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : टाउनसेंडने आपल्या हिशेबवहीत हेरगिरीच्या नोंदी कशा लपवल्या होत्या? साखरेच्या पिंपांच्या नावाखाली सैनिकांचा आकडा, किमतीच्या जागी तारीख, असं काही? (वाणिज्य शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : लपवल्याच नव्हत्या, कारण त्या वहीत हेरगिरी नाहीच. तुमचा हिरमोड होईल, पण मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते नेमकं यासाठीच. त्याची खतावणी ही खरोखरच खतावणी आहे. कोणाला काय दिलं, कोणाकडून किती येणं, कोणाचं खातं कधी मिटलं. बाजूला पौंड, शिलिंग आणि पेन्सचे तीन रकाने. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आणि न्यूयॉर्कच्या चलनात आठ शिलिंगांना एक स्पॅनिश डॉलर. अशी बेरीज रोज करणाऱ्या माणसाला वेगळ्या सांकेतिक भाषेची हौस उरत असेल असं वाटत नाही.

थोडा विचार करून पाहा. ज्या शहरावर शत्रूचा ताबा आहे, जिथे कोणत्याही दिवशी दुकानात शिरून कागदपत्रं उचलली जाऊ शकतात, तिथे शहाणा माणूस गुपित नेमकं वहीतच लिहील का? आणि लिहायचं म्हटलं तरी ते सोपं नाही. मी बँकेच्या तपासणी खात्यात नोकरी केली. हाताने लिहिलेल्या लेजरांचा तो काळ. खोटी नोंद कधी एकटी राहत नाही, हे तिथे पहिल्याच वर्षी कळतं. विकलेला खोटा माल लिहिला की त्याला खोटं गिऱ्हाईक लागतं, गिऱ्हाइकाला खोटी उधारी लागते, उधारी फेडायला खोटी रोकड लागते, आणि वर्षाखेरीला शिल्लक माल मोजला की सगळं उघडं पडतं. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, आणि खतावणी एकमेकींशी ताडून पाहणाऱ्याला कुठेतरी खडा लागतोच. न्यूयॉर्कमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना युद्ध कसं चालवावं हे कळत असेल-नसेल, पण त्यांच्यात हिशेब कळणारे पुष्कळ होते. अख्ख्या फौजेचा शिधा तेच विकत घेत होते.

आता हा माणूस कोण, ते थोडक्यात. न्यूयॉर्कलगतच्या लाँग आयलंड बेटावरच्या ऑयस्टर बे गावातल्या सॅम्युएल टाउनसेंड या व्यापाऱ्याचा हा मुलगा. जन्म २५ नोव्हेंबर १७५३. ऑगस्ट १७७६ मध्ये लाँग आयलंडची लढाई वॉशिंग्टनने हरली आणि न्यूयॉर्क ब्रिटिशांच्या हाती गेलं, ते थेट १७८३ पर्यंत. वडील बंडखोरांच्या बाजूचे म्हणून पकडले गेले आणि राजनिष्ठेची शपथ घेऊन सुटले. १७७८-७९च्या हिवाळ्यात तर त्यांच्या घरीच ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल सिमको मुक्कामाला होता, आणि त्याने घरातल्या मुलीला, म्हणजे रॉबर्टच्या बहिणीला, प्रेमाची कविता लिहून दिली. घरात शत्रूची छावणी, वरून हा प्रकार. रॉबर्टच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज करता येतो, पण त्याने त्याबद्दल कुठे मन मोकळं केलेलं नाही. तो न्यूयॉर्कमध्ये व्यापार करत राहिला आणि जून १७७९ पासून ‘सॅम्युएल कल्पर ज्युनिअर’ या नावाने बातम्या पाठवू लागला.

नावातला ज्युनिअर आहे म्हणजे सीनिअरही होता. तो लाँग आयलंडवरच्याच सेटॉकेट गावचा शेतकरी अब्राहम वुडहल. न्यूयॉर्कला यायला त्याच्याकडे निमित्त चांगलं होतं: बहीण तिथे नवऱ्याबरोबर खाणावळवजा घर चालवायची, आणि टाउनसेंड तिथेच उतरायचा. या सगळ्यांच्या वर बेंजामिन टॉलमेज हा घोडदळाचा तरुण अधिकारी, टोपणनाव जॉन बोल्टन.

प्रश्न : वहीत काहीच नव्हतं, तर ती वही महत्त्वाची का मानतात? (निवृत्त शिक्षिका)

उत्तर : तिच्यातल्या अक्षरामुळे.

कल्पर ज्युनिअरची पत्रं वॉशिंग्टनच्या कागदपत्रांत जपून राहिली. ती कोणाची, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द वॉशिंग्टनलाही नाव सांगितलेलं नव्हतं, कारण टाउनसेंडची अटच तशी होती. टॉलमेजने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्या १८५८ साली छापल्याही गेल्या, पण न्यूयॉर्कमधल्या काही लोकांशी आपला गुप्त पत्रव्यवहार होता, यापलीकडे त्याने तोंड उघडलेलं नाही. टाउनसेंड ७ मार्च १८३८ रोजी वारला. लग्न केलेलं नव्हतं. मागे राहिली ती घरातली जुनी पत्रं आणि हिशेबाच्या वह्या.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लाँग आयलंडचा इतिहास खणून काढणारे मॉर्टन पेनीपॅकर यांच्या हाती टाउनसेंड घराण्यातले कागद आले. त्यांनी कल्परची पत्रं पाहिलेली होती. अक्षराचं वळण एकच आहे असं त्यांना वाटलं. आता ‘वाटलं’ एवढ्यावर इतिहास लिहिता येत नाही, म्हणून त्यांनी नमुने पाठवले अल्बर्ट ऑसबर्न यांच्याकडे. संशयास्पद कागदपत्रं तपासण्याच्या विद्येत त्या काळी अमेरिकेत त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. पुढे प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणाचा खटला १९३५ साली चालला, तेव्हा खंडणीच्या चिठ्ठ्यांबद्दल साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांत तेही होते. ऑसबर्न यांनी सांगितलं, दोन्हीकडचा हात एकच. पेनीपॅकर यांनी १९३० साली हे पुस्तकातून मांडलं आणि कल्पर ज्युनिअर म्हणजे रॉबर्ट टाउनसेंड हे पक्कं झालं. पेनीपॅकर यांचा संग्रह ईस्ट हॅम्पटनच्या ग्रंथालयात आहे.

इथे माझ्या जुन्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अक्षर ताडून पाहायला समोर बसवून लिहून घेतलेला नमुना फारसा कामाचा नसतो. माणूस सावध होतो, अक्षर सुधारतो किंवा मुद्दाम बिघडवतो. उत्तम नमुना तो, जो लिहिताना लिहिणाऱ्याचं लक्ष अक्षराकडे नव्हतंच. असा नमुना हिशेबवहीत जितका मिळतो तितका दुसरीकडे क्वचितच मिळतो. सारं लक्ष आकड्याकडे असतं, हात आपल्या सवयीने चालतो. कुठे टाक उचलला, कुठे दोन अक्षरं जोडली, शून्य कुठून सुरू केलं, ओळ उजवीकडे वर चढते की खाली उतरते. शिवाय वही महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे घाईतलं, निवांतपणाचं, नव्या टाकाचं, झिजलेल्या टाकाचं, असं सगळं अक्षर एका ठिकाणी सापडतं. एक सही जुळली तर मी ‘पाहू’ म्हणायचे. पानामागून पान जुळलं तर बोलायला जागा उरत नाही.

कल्परच्या पत्रांत नावं खोटी होती, माणसांच्या जागी आकडे होते, शाई डोळ्यांना न दिसणारी होती. हात तेवढा खराच होता, आणि तो बदलायची गरज तेव्हा कोणालाच वाटली नाही.

प्रश्न : इतकी मोठी कामगिरी करताना दुकान कशाला चालू ठेवायचं? वॉशिंग्टनने त्याला पगार देऊन पूर्ण वेळ ठेवून घ्यायला हवं होतं. (एक वाचक)

उत्तर : हा विचार तेव्हाही निघाला होता आणि वॉशिंग्टनने तो साफ मोडीत काढला. २४ सप्टेंबर १७७९ च्या पत्रात तो टॉलमेजला लिहितो, त्याचा मतितार्थ असा: ज्युनिअरने आपला सध्याचा उद्योग सोडू नये. नेहमीच्या व्यवहाराच्या आडोशाने तो जितका सुरक्षित राहील आणि आपल्या जितका कामी येईल, तितका सगळं सोडून नुसत्या बातम्यांच्या मागे लागल्याने येणार नाही.

सेनापती म्हणून वॉशिंग्टनने लढाया बऱ्याच हरल्या. हेरांच्या बाबतीत मात्र तो एकदा ठेच लागून शहाणा झाला होता. नेथन हेल नावाच्या तरुण अधिकाऱ्याला १७७६ साली शाळामास्तर बनवून ब्रिटिशांच्या मुलखात पाठवलं होतं. तो सापडला आणि २२ सप्टेंबरला फासावर गेला. परक्या ठिकाणी अचानक उगवलेल्या मास्तराकडे लोक वळून बघतात. वर्षानुवर्षं त्याच गल्लीत बसणाऱ्या व्यापाऱ्याकडे कोणी बघत नाही, आणि त्याने चार प्रश्न विचारले तरी ते व्यापाऱ्याचेच प्रश्न असतात. कोणतं गलबत लागलं? त्यात काय आलं? पिठाचा भाव का चढला? कोणती पलटण निघणार म्हणून बुटांची मागणी आहे? ऑक्टोबर १७७९ च्या सूचनांत वॉशिंग्टनने स्पष्ट म्हटलं आहे की ज्युनिअरने शहरातच राहावं, अधिकाऱ्यांत आणि तिथे आश्रयाला आलेल्या राजनिष्ठांत मिसळावं, कॉफीगृहांत आणि चारचौघांच्या जागी जावं. फौजेची संख्या, धान्यसाठा, सैनिकांची प्रकृती, मालवाहू जहाजांचा बंदोबस्त, हे सगळं त्याला हवं होतं. यादी वाचली की वाटतं, हेराला सूचना दिल्यात की आडत्याला बाजाराचा अंदाज मागितलाय!

बातमी जायची कशी, तेही व्यापाराच्याच वाटेने. सेटॉकेटमध्ये ऑस्टिन रो याची खाणावळ होती. खाणावळीला सामान लागतं, म्हणून तो घोड्यावरून न्यूयॉर्कला यायचा. एका बाजूचं अंतर जवळजवळ ९० किलोमीटर. सामानाबरोबर कागद परत जायचे. सेटॉकेटहून केलब ब्रूस्टर हा दर्यावर्दी व्हेलबोटीतून खाडी ओलांडून ते कनेटिकटला टॉलमेजकडे पोचवायचा, आणि तिथून घोडेस्वार टप्प्याटप्प्याने वॉशिंग्टनकडे.

कागदावर दिसायची ती साधी गोष्ट. गुप्त शाई डॉक्टर जेम्स जे यांनी बनवलेली. पुढे अमेरिकेचे पहिले सरन्यायाधीश झालेल्या जॉन जे यांचे हे भाऊ. लिहायला एक द्रव आणि वाचायला दुसरा. त्यामुळे कागद नुसता दिव्यावर धरून मजकूर उमटत नसे. सुरुवातीला हे लोक कोऱ्या कागदावर लिहून कोराच कागद पाठवायचे. वॉशिंग्टनने त्याच सप्टेंबरच्या पत्रात हे थांबवायला सांगितलं: एखाद्या चोपड्याच्या कोऱ्या पानांवर लिहा, खिशातल्या टिपणवहीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर लिहा, पंचांगासारख्या वार्षिक पुस्तकाच्या किंवा स्वस्तातल्या पुस्तकाच्या मागच्यापुढच्या कोऱ्या पानांवर लिहा. किंवा घरगुती नाहीतर किरकोळ धंद्याचं पत्र लिहून त्याच्या ओळींच्या मध्ये खरा मजकूर घाला. कागद मात्र चांगला घ्या, हलक्या कागदावर ही शाई नीट वाचता येत नाही. तुमच्यापैकी काहींनी ‘वहीत लपवलेला मजकूर’ असं जे कुठेतरी वाचलं आहे, त्याचं मूळ इथे असावं. पण ही पानं पाठवून द्यायची होती. स्वतःच्या पेढीची खतावणी कोणी घोड्यावर बांधून सेटॉकेटला धाडत नाही.

याचा उत्तम नमुना जुलै १७८० चा. फ्रेंच फौज ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला उतरली होती आणि तिच्यावर चालून जायची तयारी ब्रिटिश करत होते. त्या वेळी शहरातून निघालेलं एक पत्र वरवर पाहता निव्वळ दुकानदारी होती: आपलं पत्र रो यांच्याकडून मिळालं, आपल्याला हवा असलेला माल सध्या मिळत नाही, मिळताच पाठवतो. त्याच कागदावर न दिसणाऱ्या शाईत खरी बातमी. ‘माल शिल्लक नाही’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक दुकानदाराने इतक्या वेळा म्हटलेलं आहे की ते वाचताना कोणाची भुवईसुद्धा हलणार नाही. वॉशिंग्टनने न्यूयॉर्कवर हल्ल्याची हूल उठवली आणि ब्रिटिशांचा न्यूपोर्टचा बेत बारगळला. याचं किती श्रेय त्या पत्राला द्यायचं यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ब्रिटिश सेनापती आणि आरमारप्रमुख यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हेही एक कारण होतंच.

प्रश्न : ‘एजंट ३५५’ ही टाउनसेंडची प्रेयसी होती आणि ती ब्रिटिशांच्या तुरुंगजहाजावर बाळंत झाली, हे खरं का?

उत्तर : नाही. टॉलमेजने १७७९ साली बनवलेल्या संकेतकोशात ७६३ आकडे होते. ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२३ म्हणजे कल्पर ज्युनिअर, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क. ३५५ हा आकडा कोणा एका बाईचा नव्हताच, तो नुसता ‘स्त्री’ या शब्दासाठी होता. वुडहलने ऑगस्ट १७७९ मध्ये एका पत्रात आपल्या ओळखीच्या एका स्त्रीची मदत होईल असं म्हटलं, बस्स. प्रेयसी, तुरुंगजहाज, बाळ ही सगळी मागाहूनची भर. हे लिहिताना थोडं वाईट वाटतं, कारण प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी पत्र फार तळमळीने लिहिलं आहे.

खऱ्या बाईची गोष्ट हवी असेल तर लिस या नावाचा शोध घ्या. टाउनसेंडांच्या घरी गुलाम माणसं होती आणि लिस त्यांच्यातली एक तरुणी. ती १७७९ साली सिमकोच्या फौजेबरोबर निघून गेली. स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या घरातून स्वातंत्र्यासाठी शत्रूकडे. अलीकडे तिच्यावर चांगलं संशोधन झालं आहे, आणि माझ्या मते या घराण्याच्या कागदांत त्याहून मोलाचं काही नाही.

प्रश्न : या लोकांना पैसे मिळाले का? आणि गुप्त खर्चाचा हिशेब ठेवायचे कसे? (सनदी लेखापाल)

उत्तर : तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, अर्थात हे पक्षपाती मत आहे.

वॉशिंग्टनने सेनापतिपदाचा पगार घेतला नाही, फक्त खर्च घेईन म्हणाला, आणि खर्चाचा हिशेब स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात १५ जुलै १७७५ ला ३३३⅓ डॉलरची एक नोंद आहे: बॉस्टनमध्ये जाऊन गुप्त पत्रव्यवहार सुरू करावा म्हणून अमक्याला दिले. ‘अमक्या’च्या जागी नावाऐवजी रेघ. रक्कम विचित्र वाटते ना? बॉस्टनकडच्या, सहा शिलिंगांना डॉलर या दराने गुणून पाहा, बरोबर शंभर पौंड येतात. शत्रूच्या मुलखात राहणाऱ्यांची नावं हिशेबात घालता येत नाहीत, असा खुलासाही त्याने करून ठेवला आहे. मी तपासणीला असते तर या नोंदीवर लाल खूण केली असती, कारण ना पावती, ना घेणाऱ्याचं नाव. आणि वरिष्ठांनी ती खूण खोडली असती.

कल्पर मंडळींचं तसंच झालं. युद्ध संपत आल्यावर, जुलै १७८३ मध्ये, वुडहलने शेवटचा हिशेब दिला. सोबत लिहिलं की आपण शक्य तितका साधा हिशेब ठेवला, जास्त लिहिलं असतं तर त्यानेच पकडलो गेलो असतो. पण हिशेब खरा आहे, काटकसर केली आहे, सेनापतींची समजूत घाला. या पत्रातला माणूस मला समजतो. एकीकडे फाशीची भीती, दुसरीकडे लेखापरीक्षकाची.

सेनापतींची समजूत पूर्ण पटली नाही. त्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनने टॉलमेजला कळवलं की हा माणूस प्रामाणिक आहे असं मी धरून चालतो, त्यामुळे पैसे खर्च झालेच असणार, पण कामगिरी कितीही सद्‌हेतूने केलेली असली तरी या खर्चाच्या मानाने ती कमी पडते. बातम्या उशिरा पोचायच्या, ही त्याची जुनीच तक्रार होती. ९० किलोमीटर घोडा, मग खाडी, मग पुन्हा घोडा, हे धरलं तर तक्रार जरा कठोर वाटते. मात्र रक्कम चुकती करावी, हेही त्याने त्याच पत्रात लिहिलं आहे.